हब व्हावे तर नागपूरसारखे

प्रताप नगरात ज्याच्या घराला गच्ची आहे त्याला आकाश दोन मजल्यांचे दिसते. खालच्या मजल्यावर सोनेगाव विमानतळाची विमाने. संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला वर गेले की जयताळ्याच्या अंगाने एखादे विमान चाके पोटात घेत चढताना दिसते, इतके जवळ की शेपटीवरचा रंग ओळखता यावा. वरच्या मजल्यावर दुसरीच विमाने. त्यांचा आवाज खाली पोचत नाही. एक पांढरी रेघ उमटते, जरा वेळाने फिसकटते, संपते. ही दिल्लीहून चेन्नईला, मुंबईहून कोलकात्याला आणि त्याहीपलीकडे जाणारी विमाने. नागपूरच्या हवाई नियंत्रण कक्षाशी ती बोलतात, उंची विचारतात, आभार मानतात आणि पुढे निघून जातात.

देशाच्या मध्यभागी असण्याचा याहून सुसंस्कृत उपयोग दुसऱ्या कोणत्या शहराने केला असेल असे वाटत नाही. आपण सगळ्यांच्या वाटेत आहोत आणि कोणाच्याही आड येत नाही. झिरो माइलचा दगड आपण चार घोड्यांसह जपून ठेवला आहे. पाहुणा आला की त्याला तिथे नेतो, फोटो काढतो आणि सांगतो की इथून सगळे सारख्याच अंतरावर आहे. या शहराने हवाई मालवाहतुकीच्या बाबतीत जो संयम दाखवला आहे त्याचे कौतुक आजवर कोणी मन लावून केलेले नाही. ते करण्यासाठीच हा लेख.

आधी बाहेरच्या जगात काय चालते ते पाहिले पाहिजे, म्हणजे आपले मोठेपण नीट कळेल. मोठी विमानतळे गिऱ्हाइकासाठी अक्षरशः रस्त्यावर उतरलेली आहेत. दुबईच्या विमानतळावरून २०२४ मध्ये ९ कोटींहून अधिक प्रवाशांची ये-जा झाली आणि त्यातल्या पुष्कळांना दुबईत काही काम नव्हते. एका विमानातून उतरायचे, दुसऱ्यात बसायचे, एवढ्यासाठी ते तिथे गेले. हाँगकाँगमधून वर्षाला ४० लाख टनांहून अधिक माल उडतो. जर्मनीत लाइपझिग नावाचे गाव आहे. ब्रसेल्समध्ये रात्रीच्या विमानांच्या आवाजावरून वाद पेटला तेव्हा लाइपझिगने डीएचएल कंपनीला आपल्या घरी बोलावून घेतले. चोवीस तास धावपट्टी उघडी ठेवू, म्हणाले. २००८ पासून त्या कंपनीचा युरोपातला मोठा तळ तिथे आहे. उतरण्याच्या शुल्कात सूट द्यायची, धावपट्टीशेजारी शीतगृहे बांधायची, पहाटे तीनला कस्टमचा अधिकारी शिक्का घेऊन जागा ठेवायचा. एखाद्या शहराने व्यापारासाठी किती वाकावे याला काही मर्यादा असावी. ती मर्यादा नागपूरने ओळखली आणि पाळली.

हा धंदा आपल्याला जमत नाही म्हणून आपण दूर आहोत, असा गैरसमज मात्र कोणी करून घेऊ नये. आपण तो करून सोडलेला आहे.

जानेवारी १९४९ मध्ये भारतात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघे. चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला उतरत. थैल्यांची अदलाबदल होई. मद्रासची थैली दिल्लीच्या विमानात, दिल्लीची कलकत्त्याच्या, कलकत्त्याची मुंबईच्या. मग प्रत्येक विमान आपापल्या गावी परत जाई आणि उजाडायच्या आत तिथे पोचे. संध्याकाळी मद्रासला पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत वाचले जाई. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून साध्या पत्रांनाही जादा पैसे न घेता विमानात जागा मिळू लागली. तेव्हाचे दळणवळणमंत्री रफी अहमद किडवई यांची ही योजना. देश स्वतंत्र होऊन दोन वर्षेही झाली नव्हती.

आमच्या गल्लीत एक आजोबा राहतात. त्यांचे वडील रेल्वे टपालात होते. लहानपणी एकदा वडिलांबरोबर रात्री सोनेगावला गेल्याचे ते सांगतात. थंडीचे दिवस, अंगात वडिलांचा कोट, घोट्यापर्यंत आलेला. अंधारात लांबून डकोटाची घरघर ऐकू यायची आणि हमाल आधीच उठून उभे राहायचे. लाखेचा वास, गोणपाटाचा वास, कंदिलाच्या उजेडात थैलीवरचे लेबल वाचणारा एक जाड भिंगाचा माणूस. 'सगळा हिंदुस्थान रात्री बाराला आपल्या गावात असायचा पहा,' असे ते म्हणतात. त्या वेळी 'हब' हा शब्द नागपुरात कोणाला माहीत नव्हता. त्याचा फलक नव्हता, त्याचे महामंडळ नव्हते, भूमिपूजन नव्हते. नुसते काम चालले होते. जवळपास पंचवीस वर्षे चालले. ऑक्टोबर १९७३ मध्ये ही सेवा बंद झाली.

त्याच वर्षी, १७ एप्रिल १९७३ च्या रात्री, अमेरिकेतल्या मेम्फिस गावी फेडरल एक्स्प्रेस नावाच्या नव्या कंपनीने १४ छोटी विमाने उडवली. पहिल्या रात्री २५ शहरांसाठी १८६ पाकिटे होती. पद्धत अशी: सगळ्या दिशांनी विमाने रात्री मध्यावरच्या एका गावी आणायची, मालाची अदलाबदल करायची, उजाडायच्या आत परत पाठवायची. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ही विसाव्या शतकातली एक मोठी कल्पना म्हणून शिकवली जाते. तिच्या जोरावर मेम्फिस पुढे बरीच वर्षे मालवाहतुकीत जगातले पहिल्या क्रमांकाचे विमानतळ राहिले. आज हाँगकाँग पुढे आहे, पण मेम्फिस अजून पहिल्या काही नावांत आहे. आपण एप्रिल ते ऑक्टोबर असे सहा महिने त्यांच्यासोबत राहिलो, त्यांचे बस्तान बसल्याची खात्री केली आणि मग मोठ्या मनाने बाजूला झालो. इतके निरपेक्ष दान उद्योगाच्या इतिहासात फारसे सापडणार नाही.

त्यानंतर एकोणतीस वर्षे आपण विश्रांती घेतली. २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि मिहान हा शब्द नागपूरच्या कानावर पडला. या नावाच्या लांबलचक इंग्रजी रूपात माल आहे, विमान आहे, हब आहे, आंतरराष्ट्रीय आहे आणि नागपूरही आहे. रस्ता, रेल्वे आणि विमान एका ठिकाणी जोडून देशाच्या मध्यावर मालाचे केंद्र उभारायचे, ही कल्पना. कल्पना उत्तम होती, आजही उत्तम आहे. आराखडा सांगत होता की प्रकल्प पुरा झाल्यावर इथून वर्षाला १ कोटी ४० लाख प्रवासी जातील आणि ८ लाख ७० हजार टन माल उडेल. दुसरी धावपट्टी असेल, चार हजार मीटर लांब.

आज नागपूरहून वर्षाला तीस लाखांच्या आसपास प्रवासी ये-जा करतात आणि माल उडतो तो दहा हजार टनांच्या आतबाहेर. ८ लाख ७० हजारांपुढे दहा हजार म्हणजे शंभरातला एक आणि थोडे वर. टीकाकार या फरकाकडे बोट दाखवतात. मला तो फरक जपण्यासारखा वाटतो. जे शहर आपले स्वप्न पंचवीस वर्षांत वापरून संपवते त्याच्याकडे पुढच्या पिढीला द्यायला काय उरते? आपण मुलांसाठी शंभरातले नव्याण्णव भाग राखून ठेवले आहेत.

आणि काहीच झाले नाही असे म्हणणे तर अन्यायाचे होईल. १४ एप्रिल २००८ रोजी सोनेगावच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. त्याच्या तीन आठवडे आधी हैदराबादचे शमशाबाद विमानतळ सुरू झाले होते आणि त्यानंतर सहा आठवड्यांत बंगळुरूचे देवनहळ्ळी. एकाच उन्हाळ्यात तिन्ही शहरांनी फीत कापली. हैदराबादने औषध कंपन्यांचा माल थंड ठेवून परदेशी पाठवण्याची सोय केली. बंगळुरूने फुले, भाज्या आणि यंत्रांचे भाग उडवायला सुरुवात केली. आपण फीत कापली आणि तिथेच थांबलो, कारण फीत कापणे हाच समारंभाचा मुख्य भाग असतो.

मिहानच्या आवारात पुढे बरेच काही आले. बोइंगने एअर इंडियाला विमाने विकण्याच्या करारापोटी विमान दुरुस्तीचा मोठा कारखाना बांधून दिला, तो २०१५ मध्ये उघडला. बोइंग ७८७ च्या फरशीखाली लागणाऱ्या तुळया इथल्या एका कारखान्यात बनतात. भारतीय व्यवस्थापन संस्था आली, २०२२ मध्ये एम्सचे लोकार्पण झाले. हे सगळे चांगलेच आहे आणि नागपूरला ते हवेच होते. मालवाहतुकीच्या केंद्रासाठी घेतलेल्या जमिनीवर मालवाहतूक शिकवणारी संस्था उभी राहिली. विद्यार्थ्यांना खिडकीतून बाहेर पाहून अभ्यास करता येतो. मेम्फिसचे उदाहरण त्यांना इथेच शिकायला मिळत असेल.

माझे सर्वांत आवडते ठिकाण मात्र वर्धा रस्त्यावर आहे. ७ मार्च २०१९ रोजी नागपूर मेट्रोची सीताबर्डी ते खापरी गाडी सुरू झाली. उज्ज्वल नगर सोडले की 'एअरपोर्ट' येते, मग 'एअरपोर्ट साउथ', मग 'न्यू एअरपोर्ट'. उद्घोषणा स्पष्ट होते, दरवाजे उघडतात, दरवाजे बंद होतात. पुढचे स्थानक खापरी. 'न्यू एअरपोर्ट'ला उतरून मी एकदा चहूकडे पाहिले. फलाट स्वच्छ होता, सरकता जिना चालू होता, दिशादर्शक पाट्या तीन भाषांत होत्या. जिच्यासाठी हे नाव ठेवले ती नवी इमारत अजून यायची आहे. इतर शहरे आधी विमानतळ बांधतात आणि मग मेट्रोसाठी वीस वर्षे आंदोलने करतात. आपण विमानतळाची वाट पाहणारे स्थानक आधी बांधले. नियोजनाला दूरदृष्टी लागते म्हणतात ती हीच.

या कथेत न्यायालयांचाही वाटा आहे आणि तो विसरता कामा नये. विमानतळ खासगी कंपनीकडे चालवायला देण्यासाठी निविदा निघाली. जीएमआर कंपनीची बोली सर्वांत वरची ठरली, महसुलातला ५.७६ टक्के वाटा. चर्चेनंतर तो १४.४९ टक्के झाला. मार्च २०१९ मध्ये काम दिल्याचे पत्र निघाले. मार्च २०२० मध्ये तो निर्णय रद्द झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द करण्याचा निर्णयच रद्द केला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निकाल कायम ठेवला. त्यानंतरही अर्ज होत राहिले आणि शेवटचा, म्हणजे क्युरेटिव्ह याचिकेचा, सोक्षमोक्ष सप्टेंबर २०२४ मध्ये लागला. साडेपाच वर्षे. पत्र देणारे तेच आणि पत्र परत घेऊन न्यायालयात लढणारेही तेच, त्यामुळे बाहेरच्या कोणाला त्रास झाला नाही. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी सुमारे ७,००० कोटी रुपयांच्या विस्ताराची पायाभरणी दूरदृश्य प्रणालीवरून केली. त्याच जीएमआरने उभारलेले गोव्याचे मोपा विमानतळ तोवर जवळपास दोन वर्षे चालू होते. घाई केली की काय होते त्याचे ते उदाहरण: गोव्याला आता वाट पाहायला काही उरलेले नाही.

आता मालाकडे वळू. विमानाने जाणारा माल जगाच्या एकूण व्यापारात वजनाने जेमतेम एक टक्का आणि किमतीने सुमारे तिसरा हिस्सा असतो. म्हणजे जे हलके, महाग किंवा नाशवंत, ते विमानात बसते. औषधे, फोन, सुटे भाग, मासळी, फुले, फळे. आणि फळ म्हटले की नागपूरकराच्या डोळ्यांपुढे एकच रंग येतो.

आपले संत्रे तोडल्यावर त्याला फार दिवस नाहीत. साल सैल असते, दाबले की फुटते, उन्हात ठेवले की मऊ पडते. हे वरूड-मोर्शीतला शेंबडा पोरगाही सांगेल. अशा फळाला जवळचा विमानतळ वरदान ठरावा. फेब्रुवारी २०२० मध्ये नागपुरी संत्र्यांची पहिली मोठी खेप दुबईला निघाली. सरकारी पाहुण्यांनी हिरवी झेंडी दाखवली. कुठे? नवी मुंबईतल्या वाशीला. वरूडच्या बागेतले संत्रे नागपूरच्या विमानतळाकडे पाठ करून आधी रस्त्याने अरबी समुद्राच्या काठी गेले आणि तिथून थंड कंटेनरमध्ये बोटीने दुबईला. वरूड ते सोनेगाव हे अंतर गाडीने दोन-अडीच तासांचे. जवळच्या दाराने बाहेर पडावे ही साध्या माणसाची समजूत. फळाला देशदर्शन घडवावे ही आपली.

मलाही हा अनुभव आहे. माझी भाची हाँगकाँगला असते. दिवाळीत तिला एक किलो संत्रा बर्फी पाठवली, पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर टेपचे तीन वेढे. पाठवणाऱ्या कंपनीने फोनवर प्रवास पाहायची सोय दिली होती. 'नागपूरहून निघाले.' मग दीड दिवस काही नाही. मग 'मुंबई पोचले.' तिथे दोन दिवस मुक्काम. मग 'विमानात चढवले.' त्या रात्री मी घरातला पृथ्वीचा गोल काढला आणि मुंबई ते हाँगकाँग दोरा ताणून धरला. दोरा विदर्भावरून जातो. आठशे किलोमीटर ट्रकने पश्चिमेला गेलेली बर्फी विमानात बसून पूर्वेला निघाली आणि बहुधा आमच्याच डोक्यावरून, ढगांच्याही वरून, पुन्हा गेली. गच्चीवर जाऊन पाहिले असते तर दिसलीही असती. भाचीने कळवले की चव चांगली होती, कडेच्या वड्या मात्र कोरड्या पडल्या होत्या.

एकदा तर सोनेगावहून खरोखर मोठा माल निघणार होता. २०१८ मध्ये धनगर समाजाला उत्पन्नाचा नवा मार्ग मिळावा म्हणून शेळ्या-मेंढ्या विमानाने शारजाला पाठवायची योजना ठरली. एका फेरीत सुमारे दोन हजार जनावरे. ३० जूनला मंत्र्यांच्या हस्ते शुभारंभ होता. काही धार्मिक आणि प्राणिप्रेमी संघटनांनी विरोध केला आणि कार्यक्रम पुढे ढकलला गेला. विरोध करणाऱ्यांचा हेतू प्रामाणिक असेल. पण त्या दिवसाची वाट पाहत ज्यांनी कळप वाढवला त्यांना पुढे काय मिळाले हे विचारायला फारसे कोणी गेले नाही. जनावरे बाजारातच गेली, फक्त विमानाने नाही आणि शारजाच्या भावाने नाही. तत्त्व असे वाचले. धनगराचा पैसा वाचला नाही एवढेच.

यात विमान कंपन्यांचा दोष नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. इथल्या धावपट्टीवर जी विमाने येतात ती बहुतेक अरुंद पोटाची. प्रवाशांच्या बॅगा ठेवल्यावर त्यांच्या पोटात दोन-तीन टनांची जागा उरते. माल हवा तर रुंद पोटाची विमाने हवीत किंवा निव्वळ मालाची. ती तेव्हा येतात जेव्हा जाताना आणि येताना दोन्ही वेळा पोट भरेल अशी खात्री असते. खात्री कोणी द्यायची? इंधनावरचा कर नागपुरात मुंबई-पुण्यापेक्षा आधीपासूनच कमी आहे. तिथला २०२३ मध्ये २५ वरून १८ टक्क्यांवर आला, तोही आपल्याकडच्यापेक्षा जास्तच. तरी विमाने मुंबईलाच जातात. कारण व्यापारी तिथे, दलाल तिथे, शीतगृह तिथे, कस्टमचे काम तिथे. स्वस्त इंधन हे लग्नाच्या मांडवात फक्त पंगतीचे पाणी थंड ठेवण्यासारखे आहे.

चीनमध्ये झेंगझोऊ नावाचे शहर आहे. समुद्र नाही, देशाच्या साधारण मध्यावर, मोठे रेल्वे जंक्शन. ऐकताना ओळखीचे वाटते. २०१० मध्ये तिथल्या विमानतळावरून वर्षाला एक लाख टनही माल जात नव्हता. त्यांनी विमानतळाला लागून फोन बनवणारा प्रचंड कारखाना बसवला. २०१४ मध्ये हेनान प्रांताच्या सरकारी कंपनीने युरोपातल्या कार्गोलक्स या मालवाहू विमान कंपनीचा ३५ टक्के हिस्साच विकत घेतला, म्हणजे विमाने येतील की नाही हा प्रश्नच संपला. २०२० मध्ये माल सहा लाख टनांच्या पुढे गेला. दहा वर्षे. आपल्याला तेवढ्या वेळात एक निविदा पुरी पचत नाही, आणि पचवायची घाईही आपण करत नाही.

सोनेगावला मोठी परदेशी विमाने उतरतच नाहीत असेही नाही. उतरतात. आकाशात कोणाच्या छातीत कळ आली, एखाद्या बाईचे दिवस भरले, वैमानिकाला जवळचा विमानतळ हवा झाला की नागपूर आठवते. वर्षात कितीतरी वेळा बातमी येते: अमुक देशाहून अमुक देशाला जाणारे विमान नागपूरला उतरवले, रुग्णाला दवाखान्यात हलवले, विमान पुढे गेले. आपले डॉक्टर जागे असतात, रुग्णवाहिका धावपट्टीजवळ उभी असते, परिचारिका अनोळखी भाषेतल्या माणसाचा हात धरून बसतात. यात मात्र नागपूरने कधी हयगय केलेली नाही. माणूस मरणाच्या दारात असला की आपण अर्ध्या तासात सगळे जुळवून आणतो. धडधाकट माल आला की आपल्याला वीस वर्षे लागतात.

आणि आता मुंबईला पोचणे आणखी सोपे झाले आहे. मिहानच्या शेजारी शिवमडक्यापासून समृद्धी महामार्ग निघतो. ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून पूर्ण खुला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचेही उद्घाटन झाले. म्हणजे ज्या मालाला सोनेगावला विमान मिळत नव्हते त्याला आता आठ तासांत दोन-दोन विमानतळांच्या दारात सोडण्याची सोय झाली. मध्यवर्ती मालकेंद्राच्या दारातून माल बाहेर नेणारा इतका सरळ, इतका रुंद रस्ता कोणीही बांधला नसता. महामार्ग आपल्याला हवाच होता. पण ज्या दारातून फक्त बाहेर जाता येते त्याला काय म्हणतात, हे शिवणगावात जाऊन विचारावे.

शिवणगावचे नाव काढले की स्तुतीचा सूर टिकवणे मला कठीण जाते. शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही, खापरी, जयताळा, भामटी. या गावांच्या जमिनी मिहानला गेल्या. भाजीपाल्याच्या वाड्या होत्या, गोठे होते. शिवणगावची भाजी आणि दूध सायकलवर, मोपेडवर आमच्या भागात येत असे. मोबदल्याचे, भूखंडांचे, नोकरीच्या कागदांचे वाद त्यांनी वर्षानुवर्षे लढवले. त्यांच्या शेतावर आज जिथे काही उभे आहे तिथे निदान सांगता येते की अमुक झाले. जिथे नुसते कुंपण आहे आणि आत कमरेएवढे गवत, तिथे काय सांगायचे? एका म्हाताऱ्या दूधवाल्याला मी एकदा विचारले, काका, तुमच्या जमिनीवर काय आले? तो म्हणाला, 'पाटी आली.' त्याने ते हसून सांगितले नाही.

तेव्हा प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, खामला, सोनेगाव इथल्या शेजाऱ्यांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी विमानतळाच्या नव्या नकाशाचे अनावरण होईल, पडद्यावर काचेची इमारत फिरून दिसेल, तेव्हा टाळ्या वाजवण्यापूर्वी एकच आकडा मागा: गेल्या महिन्यात सोनेगावहून किती टन माल उडाला? प्रवासी किती ते विचारू नका, ते कसेही वाढतील, लोकांना जायचेच आहे. टन विचारा. दर महिन्याला विचारा, नगरसेवकाला विचारा, आमदाराला विचारा, खासदाराला विचारा. संत्र्यांच्या हंगामात दोनदा विचारा. शीतगृह कधी, कस्टमचा माणूस रात्री बसणार का, मालाचे पहिले विमान कोणत्या तारखेला, हे नावानिशी आणि तारखेनिशी लिहून घ्या. आणि विचारायला जाल तेव्हा शिवणगावच्या एखाद्या माणसाला सोबत घेऊन जा. पहिला प्रश्न त्याला विचारू द्या.